मृत्युपत्र नसेल तर पुढे काय?

आपल्या घरांतून मृत्युपत्राचा विषय निघाला की लगेच कुणीतरी म्हणतं, "शुभ बोल रे नाऱ्या!" आणि विषय तिथेच संपतो. मुलांच्या कॉलेजचा खर्च, घराचे मॉर्गेज, कधीतरी बदलावे लागणारे छप्पर, दर दोन वर्षांनी देशात जाण्याची तिकिटे, या सगळ्याचे गणित आपण कितीतरी आधीपासून मांडतो. मृत्युपत्राचे काम मात्र "या सुट्टीत नक्की" म्हणत पुढे ढकलले जाते. शिवाय मनात एक ठाम समजूत असते, की आपल्यामागे जे काही आहे ते बायकोमुलांचेच आहे, त्यात लिहायचे काय?

ही समजूत अगदीच चूक नाही. बायकोमुलांचा हक्क कायदा मानतोच. अडचण निराळीच आहे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचे खाते बंद करायला बाई बँकेत जाते. हातात मृत्यूचा दाखला असतो, लग्नाचा दाखला असतो, डोळ्यांत पाणी असते. समोरचा अधिकारी सहानुभूतीने ऐकून घेतो आणि विचारतो, "लेटर्स आणलीत का?" कसली लेटर्स? कुणाची? तिथून पुढच्या धावपळीला सुरुवात होते.

मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या इस्टेटीबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची तर ती ही: हक्क नात्याने मिळतो, पण अधिकार कागदाने मिळतो. तुम्ही वारस आहात म्हणून बँक, ब्रोकर किंवा टायटल कंपनी तुमच्या सहीवर काही करणार नाही. कोर्टाने "या व्यक्तीला मृताच्या वतीने सही करण्याचा अधिकार दिला आहे" असा कागद द्यावा लागतो. त्या कागदाचे नाव लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, आणि तो ज्याला मिळतो तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मृत्युपत्र असते तर त्यात नेमलेला एक्झिक्युटर हेच काम करतो. फरक इतकाच, की एक्झिक्युटर आपण निवडतो आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोर्ट निवडते.

वेळ कुणावरही येते. अब्राहम लिंकन स्वतः नामांकित वकील. पण १५ एप्रिल १८६५ रोजी ते गेले तेव्हा त्यांचे मृत्युपत्र नव्हते. त्यांचे जुने स्नेही आणि सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांची इलिनॉयच्या कोर्टाने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून नेमणूक केली. सुमारे १ लाख १० हजार डॉलरची ती इस्टेट पत्नी आणि दोन मुले यांच्यात सारखी वाटून होईपर्यंत १८६७ साल उजाडले होते. डेव्हिस यांच्यासारखा भला माणूस होता म्हणून सगळे सुरळीत झाले. गायक प्रिन्स २०१६ साली मृत्युपत्राशिवाय गेला, तेव्हा आपणच वारस म्हणणारे अनेकजण पुढे आले. मिनेसोटाच्या कोर्टाने सहा भावंडांना वारस ठरवले आणि वाटणीचे काम संपायला २०२२ साल लागले. आपली इस्टेट तेवढी मोठी नसते, पण पायऱ्या त्याच असतात.

आधी काय कोर्टाबाहेर आहे ते पाहा

वकिलाकडे धावण्याआधी शांतपणे बसून यादी करावी. कारण सगळ्याच मालमत्तेला हा कागद लागत नाही. नवरा-बायकोच्या जॉइंट खात्यात आणि दोघांच्या नावावरच्या घरात सर्व्हायव्हरशिपचा हक्क असेल, तर मागे राहणाऱ्याच्या नावावर ती आपोआप येतात. आयुर्विमा, आयआरए, नोकरीतला ४०१-के यांवर बेनिफिशियरीचे नाव असते. त्या व्यक्तीने मृत्यूचा दाखला आणि फॉर्म पाठवला की पैसे मिळतात. काही बँक खात्यांवर "पेएबल ऑन डेथ" अशी नोंद असते, तिचेही तसेच.

पण त्या बेनिफिशियरीच्या फॉर्मवर नाव कुणाचे आहे? बोईंग कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. त्याचा घटस्फोट झाला आणि दोनच महिन्यांनी, १९९४ साली, तो अपघातात गेला. मृत्युपत्र नव्हते. विमा आणि पेन्शनच्या फॉर्मवर मात्र आधीच्या पत्नीचेच नाव राहिले होते. घटस्फोटाने असे नाव आपोआप रद्द होते, असा वॉशिंग्टन राज्याचा कायदा होता. पहिल्या लग्नाची मुले त्या आधारावर भांडली. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि २००१ साली निकाल लागला, की नोकरीतल्या अशा योजनांना केंद्राचा कायदा लागू होतो, राज्याचा नव्हे. म्हणजे फॉर्मवर नाव जिचे, पैसे तिचे. आपल्याकडे घटस्फोट कमी असतील, पण पहिल्या नोकरीत रुजू होताना "वडील, सदाशिव पेठ, पुणे" असे लिहून दिलेले फॉर्म अजून किती जणांच्या फायलीत असतील! लग्नानंतर ४०१-के बाबत पत्नीचा हक्क केंद्राचा कायदाच राखतो. आयआरए आणि विमा यांना ते संरक्षण सहसा नसते.

या यादीतून जे उरेल, म्हणजे एकट्याच्या नावावरचे खाते, शेअर, गाडी, घर, त्याच्यासाठी कोर्ट. तेही थोडे असेल तर बहुतेक राज्यांत सोपी वाट आहे. न्यू जर्सीत एकूण मालमत्ता ५० हजार डॉलरपर्यंत असेल तर पती किंवा पत्नीला अ‍ॅफिडेव्हिटवर काम भागवता येते. पती-पत्नी हयात नसेल तर इतर वारसांसाठी ही मर्यादा २० हजार आहे. न्यू यॉर्कमध्ये ५० हजारांपर्यंतच्या जंगम मालमत्तेसाठी "व्हॉलंटरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन" आहे. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२५ नंतरच्या मृत्यूंसाठी ही मर्यादा २ लाख ८ हजार ८५० डॉलर आहे.

कुठे जायचे, काय न्यायचे

मृत व्यक्ती ज्या काउंटीत राहत होती तिथल्या कोर्टात अर्ज करायचा. कोर्टाचे नाव राज्यागणिक बदलते. न्यू जर्सीच्या २१ काउंटींपैकी प्रत्येकीत निवडून आलेला सरोगेट असतो. म्हणजे एडिसनच्या माणसासाठी मिडलसेक्स काउंटीचे, न्यू ब्रन्सविकमधले सरोगेट ऑफिस. न्यू यॉर्कमध्ये सरोगेट कोर्ट, पेनसिल्व्हेनियात रजिस्टर ऑफ विल्स, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्टाचा प्रोबेट विभाग. "सरोगेट" हा शब्द ऐकून बिचकू नये, इथे त्याचा अर्थ वारसाहक्काची कामे पाहणारा अधिकारी एवढाच.

सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत लागते. या प्रती सुरुवातीलाच दहा-बारा काढून ठेवाव्यात, प्रत्येकजण मूळ प्रत मागतो. अर्जात सर्व वारसांची नावे, पत्ते, नाती आणि मालमत्तेची अंदाजे किंमत द्यावी लागते. कुणी अमेरिकन नागरिक पुण्या-मुंबईत सुट्टीवर असताना गेला तर तिथल्या महापालिकेचा दाखला तर घ्यावाच, शिवाय मुंबईच्या अमेरिकन वकिलातीकडून परदेशी मृत्यूचा अधिकृत अहवाल मागून घ्यावा. इकडच्या बँका तो कागद चटकन ओळखतात.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होण्याचा पहिला मान सर्वसाधारणपणे पती किंवा पत्नीचा, मग मुलांचा, मग नातवंडे, आईवडील, भावंडे असा उतरता क्रम असतो. सारख्या नात्याचे अनेकजण असतील, समजा तीन मुले, आणि एकाने काम पाहायचे ठरले, तर बाकीच्यांनी "रिनन्सिएशन" नावाच्या कागदावर सही करायची असते.

इथे आपल्या कुटुंबांत हमखास गैरसमज होतो. "नाव सोडायचा कागद आलाय" म्हटले की आपल्याला आठवते ते तलाठ्याकडचे किंवा सब-रजिस्ट्रारकडचे हक्कसोडपत्र. बहिणींकडून सह्या घेऊन त्यांचा वाटा भावांनी घेतल्याच्या कहाण्या घरोघर आहेत. त्यामुळे इथल्या कागदालाही लोक घाबरतात आणि सही अडवून धरतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमताना द्यायच्या रिनन्सिएशनने आपण सोडतो तो फक्त काम पाहण्याचा अधिकार. वाट्याचा हक्क आपल्याकडेच राहतो. वाटाच सोडायचा असेल तर त्याचा कागद निराळा असतो, त्याला डिस्क्लेमर म्हणतात. कागदाच्या माथ्यावरचे नाव वाचा, शंका असेल तर स्वतःच्या वकिलाला दाखवा आणि मग निर्धास्तपणे सही करा.

दुसरा धक्का भारतातल्या भावंडांचा. अविवाहित मुलगा इथे एकटा राहत असताना गेला, तर पुण्याचा भाऊ "मी येऊन सगळं निस्तरतो" म्हणतो. प्रेमाने म्हणतो, पण कायदा आडवा येतो. न्यू यॉर्कमध्ये परदेशात राहणाऱ्या, अमेरिकन नागरिक नसलेल्या माणसाला एकट्याने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता येत नाही, न्यू यॉर्कचा रहिवासी जोडीला लागतो. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अमेरिकेचा रहिवासी असावा लागतो. अशा वेळी इथला चुलतभाऊ, मित्र किंवा वकील पुढे करावा लागतो, आणि कुणीच नसेल तर सरकारी पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे काम जाते. हक्क आईवडिलांचा, अधिकार मात्र परक्याकडे, असे चित्र अशा वेळी दिसते.

मृत्युपत्र नसल्यामुळे कोर्ट बहुधा श्युअरिटी बॉण्डही मागते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने पैशांचा घोटाळा केला तर भरपाई व्हावी, म्हणून विमा कंपनीने दिलेली ही हमी. तिचा हप्ता इस्टेटीतून जातो, पण विमा कंपनी आधी अर्जदाराची पत तपासते. मृत्युपत्रात "बॉण्ड नको" असे एक वाक्य असते तर हा खर्च वाचला असता.

नावांचा घोळ

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त छळते ते नाव. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि कित्येकींचे लग्नात पहिले नावसुद्धा बदललेले. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. पुरुषांचेही कमी नाही. मधले नाव म्हणून वडिलांचे नाव कुठे पूर्ण, कुठे नुसते अक्षर, कुठे गायब, आणि आडनावाच्या शेवटी कधी "ई" तर कधी "ए". इथल्या क्लार्कला ही दोन वेगळी माणसे वाटली तर त्याचा दोष नाही. त्यासाठी "ही सर्व नावे एकाच व्यक्तीची" असे नोटरी केलेले अ‍ॅफिडेव्हिट करतात, आणि जोडीला गॅझेट, जुने पासपोर्ट असे जे मिळेल ते लावतात. लग्नाचेही तसेच. जुन्या पिढीतली पुष्कळ लग्ने कार्यालयात थाटात झाली, पण नोंदली गेली नाहीत. नोंदणी नाही म्हणून लग्न खोटे ठरत नाही, पण पुरावा गोळा करणे जड जाते. दोघेही धडधाकट असताना हा दाखला मिळवून ठेवणे फार सोपे असते.

कुणाला किती

मृत्युपत्र नसले तरी वाटणीचा नकाशा तयार असतो. तो राज्याने काढलेला असतो एवढेच. न्यू जर्सीत सर्व मुले त्याच जोडप्याची असतील आणि मागे राहिलेल्या पती-पत्नीला इतर मुले नसतील, तर सगळे मागे राहणाऱ्याला. न्यू यॉर्कमध्ये मात्र पत्नी आणि मुले असतील तर पत्नीला पहिले ५० हजार आणि उरलेल्यातले निम्मे, बाकी मुलांना. साडेचार लाखांची इस्टेट आणि दोन मुले असतील तर पत्नीला अडीच लाख आणि मुलांना एकेक लाख. इलिनॉयमध्ये निम्मे पत्नीला, निम्मे मुलांना. कॅलिफोर्निया आणि टेक्सास ही "कम्युनिटी प्रॉपर्टी" राज्ये. तिथे लग्नानंतर कमावलेले एका खात्यात आणि लग्नाआधीचे किंवा वारसाने आलेले दुसऱ्या खात्यात मोजतात. कॅलिफोर्नियात पहिले सगळे पत्नीला, पण दुसऱ्यातले दोन किंवा अधिक मुले असल्यास तिला एक तृतीयांशच.

मुले अज्ञान असतील तर त्यांच्या वाट्याचे पैसे आईच्या हातात पडत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये ते कोर्टाच्या देखरेखीखाली ठेवतात आणि मुलांच्या गरजेसाठी काढायचे तरी आईला परवानगी मागावी लागते. अठरावे वर्ष पूर्ण झाले की मात्र सगळी रक्कम एकरकमी मुलाच्या हाती! आणि दोघेही आईवडील एकदम गेले, तर मुलांचा पालक कोण, हे आपल्या मनातले नाव माहीत नसलेला न्यायाधीश ठरवतो.

या राज्यांच्या वाटणीत एक माणूस आपल्याला दिसत नाही, ती म्हणजे आई. मुलेबाळे असतील तर मृताच्या आईला इथे काही मिळत नाही. भारतात नेमके उलटे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर विधवा, मुलगे, मुली आणि आई या सर्वांना सारखा वाटा. आणि साधारण तत्त्व असे, की घर-जमिनीला ती जिथे आहे तिथला कायदा, तर बँकेतले पैसे, शेअर यांना मृताच्या कायम वास्तव्याच्या ठिकाणचा कायदा. म्हणजे एकाच माणसाचे एडिसनमधले घर पूर्ण पत्नीचे, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पत्नी, दोन मुले व सासूबाई यांचा पाव-पाव हिस्सा. पुढे सासूबाईही मृत्युपत्राशिवाय गेल्या, तर त्यांचा पाव हिस्सा दीर, नणंद आणि नातवंडे यांच्यात विभागतो. यात कुणी वाईट नसते, पण विकायची वेळ आली की दहा सह्या लागतात.

कागद मिळाल्यावरचे काम

लेटर्स हातात आली म्हणजे पैसे आपले झाले असे नव्हे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हा विश्वस्त असतो. इस्टेटीसाठी आयआरएसकडून वेगळा करक्रमांक घ्यायचा, इस्टेटीच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडायचे, आणि मृताचा पैसा तिथेच गोळा करायचा. आपल्या खात्यात मिसळायचा नाही, दोन दिवसांसाठीही नाही. मृताच्या एटीएम कार्डाने पैसे काढणे, त्याच्या चेकवर सही करणे, हे तर कटाक्षाने टाळावे. हयातीत दिलेले पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी मृत्यूच्या क्षणी संपते, मग ते इथले असो की तिकडचे कुलमुखत्यारपत्र.

वाटणीआधी देणी. न्यू जर्सीत मृत्यूपासून नऊ महिने धनकोंना मागणी करायला मुदत असते, न्यू यॉर्कमध्ये लेटर्सपासून सात महिने. त्याआधी घाईने पैसे वाटून टाकले आणि मागाहून हॉस्पिटलचे मोठे बिल आले, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खिशाला हात लागू शकतो. मात्र हेही खरे, की वडिलांच्या एकट्याच्या क्रेडिट कार्डाचे देणे मुलांवर वैयक्तिकरीत्या येत नाही. वसुलीवाल्यांचे फोन येतात, भावनेच्या भरात कबूल काही करू नका.

मृताचे शेवटचे आयकर विवरण भरायचे, इस्टेटीला ६०० डॉलर किंवा अधिक उत्पन्न झाल्यास तिचे वेगळे. भारतातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरवर रक्कम गेली असेल तर त्याचा एफबार राहिला आहे का, हेही पाहायचे. केंद्राचा इस्टेट टॅक्स २०२६ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वरच लागतो, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना त्याची चिंता नाही. पण राज्यांचे पाहावे. मॅसॅच्युसेट्सची मर्यादा २० लाख आहे, इलिनॉयची ४० लाख. न्यू जर्सीने इस्टेट टॅक्स २०१८ पासून रद्द केला, तरी भावाबहिणींना मिळणाऱ्या वारशावरचा इनहेरिटन्स टॅक्स तिथे अजून आहे.

वकिलाची फी आधी विचारायला संकोच करू नये. कॅलिफोर्नियात ती कायद्यानेच ठरलेली आहे. पहिल्या एक लाखावर ४ टक्के, पुढच्या लाखावर ३, त्यापुढे दहा लाखांपर्यंत २ टक्के. दहा लाखांच्या घरावर २३ हजार डॉलर, आणि तेही मॉर्गेज वजा न करता!

दुसऱ्या देशातला दुसरा कागद

दोन देशांत पाय असलेल्या माणसाची इस्टेट ही काही आजची गोष्ट नव्हे. पंजाबातून कॅलिफोर्नियात आलेले दलीप सिंग बीर मृत्युपत्राशिवाय वारले, आणि पंजाबातल्या दोन स्त्रिया, दोघीही त्यांच्या रीतसर लग्नाच्या बायका, वारस म्हणून पुढे आल्या. खालच्या कोर्टाने एकीलाच विधवा मानले. १९४८ साली कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला. इथे दोन बायकांचा संसार मांडायचा प्रश्न नाही, फक्त वाटणीचा आहे, आणि लग्ने जिथे झाली तिथल्या रीतीने ती कायदेशीर होती, तेव्हा दोघींना सारखे द्या, असे कोर्टाने सांगितले. हजारो मैलांवरचे नाते कोर्टाने मानले, पण त्यासाठी नाते सिद्ध करणारे कागद समुद्र ओलांडून यावे लागले.

आज तोच प्रवास आपल्याला उलट दिशेने करावा लागतो. न्यू ब्रन्सविकच्या सरोगेटचा शिक्का पुण्याच्या बँकेवर किंवा तलाठ्यावर बंधनकारक नाही. आणि भारतात सगळ्यासाठी एकच कागद नसतो. हिंदूंना मृत्युपत्र नसताना तिथे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन काढलीच पाहिजेत अशी सक्ती नाही. बँकेतल्या ठेवी, रोखे, शेअर यांसाठी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली जिल्हा न्यायालयाचे सक्सेशन सर्टिफिकेट असते. महाराष्ट्रात त्याखेरीज "वारस दाखला" आहे, तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. एल्फिन्स्टनच्या काळातला हा कायदा अजून रोज वापरात आहे! शेतजमिनीसाठी तलाठ्याकडे वारस नोंद. ती वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. मग फेरफार होऊन सातबाऱ्यावर नावे चढतात. सोसायटीतल्या फ्लॅटसाठी सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा कुटुंबातली लेखी व्यवस्था चालते.

"नॉमिनी लावलाय ना, मग झालं" असे तिकडे सर्रास म्हणतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कालनिर्णयकार जयंतराव साळगावकर यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून झालेल्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. तिथे मृत्युपत्र होते, पण मुद्दा सर्वांना लागू आहे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, त्याने वारसांचा हक्क बुडत नाही. सोसायटीतही नॉमिनी तात्पुरता सभासद असतो. पुन्हा तेच, अधिकार एकाकडे आणि हक्क दुसऱ्याकडे.

प्रत्येक सहीसाठी विमानाने जावे लागत नाही. वारसाने स्वतःच्या नावाने विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र द्यावे. इथे नोटरी करून राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटसारख्या कार्यालयातून अपोस्टिल घ्यावे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला विसरू नये, मृत्यूच्या दाखल्यालाही अपोस्टिल लावून घ्यावे. विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचे "उद्गम" पोर्टल २०२३ पासून आहे. दहा वर्षे हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसाचा हक्क तेव्हाही जात नाही. पैसे एनआरओ खात्यात जमा झाले की सीएच्या दाखल्यासह आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत इकडे आणता येतात. आईवडिलांकडून असा एक लाख डॉलरवर वारसा आला तर कर नसला तरी आयआरएसला फॉर्म ३५२० वर कळवावे लागते. ते राहिले तर दंड मोठा आहे.

हा लेख म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे. प्रत्येक राज्याचा आणि प्रत्येक घराचा मामला वेगळा. पण वकिलाकडे जाताना हातात काय असावे ते आजच ठरवता येते. घरात एक जाड फाइल करा. तिच्यात लग्नाचा दाखला, सर्व जुने पासपोर्ट, दोन्ही देशांतल्या खात्यांची यादी, विम्याचे क्रमांक, बेनिफिशियरी फॉर्मच्या प्रती, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, सातबाऱ्याचा उतारा, आणि भावाबहिणींची पासपोर्टवर आहेत तशी पूर्ण नावे व पत्ते ठेवा. ही फाइल कुठे आहे ते पतीला, पत्नीला आणि एका सज्ञान मुलाला सांगा. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर सातबाऱ्यावर काय लिहिले आहे ते शेजारी इंग्रजीत टिपून ठेवा. आणि फाइल करताना मृत्युपत्राचा कोरा कप्पा डोळ्यांत खुपलाच, तर त्याच आठवड्यात वकिलाची वेळ घ्या. दोन देशांत मालमत्ता असेल तर दोन्हीकडचे वकील एकमेकांशी बोलतील असे पाहा, नाहीतर दुसऱ्या देशातले नवे मृत्युपत्र पहिल्याला नकळत रद्द करून बसते.